पडलेलं धरून

उजव्या हाताचा अंगठा गेला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. गेला म्हणजे तुटला नाही. आहे तिथेच आहे, त्याचं नखसुद्धा वाढतं, फक्त त्याला काही कळत नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. कप खाली पडून फुटला आणि मी नुसता बघत उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून आली, काय झालं म्हणाली, तर मला सांगता येईना. जीभही तेवढ्यापुरती बंद पडली होती. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचलात, असं नंतर सगळे म्हणाले. जीभ चार दिवसांत सुटली, पाय महिन्याभरात सुधारला. अंगठा तसाच राहिला.

भेटायला येणारे विचारायचे, आता कसं वाटतंय? मी म्हणायचो, बरं वाटतंय. खरं तर काहीच वाटत नव्हतं. डॉक्टर बोटाला सुई टोचून विचारायचे, कळतंय का, तसंच कोणीतरी आत टोचून बघावं आणि आपण नाही म्हणावं, अशी अवस्था होती. दुःख नाही, भीती नाही, देवाचा रागही नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी मुकाट्याने खायचो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात मी मिठावरून बोललो नाही असा हा पहिलाच काळ. त्याचीच बायकोला काळजी वाटायची.

माझं काम भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात. चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लिपा, असला बारीकसारीक माल आम्ही बनवतो. मी तिथे बावीस वर्षं टाइम स्टडी केली. म्हणजे काय, तर काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यामागे पाटी आणि स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि एक नग करायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहायचं. दहा-वीस वेळा मोजायचं, त्यातून एक आकडा काढायचा. तो आकडा टेबलावर चिकटवला की मग कोणीही येवो, तेवढ्या वेळात नग झालाच पाहिजे. हे काम करणारा माणूस कोणाला आवडत नाही. मी शॉपमध्ये, म्हणजे माल जोडायच्या हॉलमध्ये, शिरलो की पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, "घड्याळ आलं रे." माणूस आला असं बावीस वर्षांत कोणी म्हटलं नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही, आणि तेव्हा तर माझी सगळी बोटं शाबूत होती.

अर्धांगवायूच्या त्या झटक्यानंतर पाटी धरणं, लिहिणं, आठ तास उभं राहणं, हे जमणार नव्हतं. मालक वाईट माणूस नाही. घरी येऊन गेला, सफरचंदं ठेवली आणि म्हणाला, "बसून करायचं काम देऊ तुम्हाला. ब्रॅकेटच्या टेबलावर जागा आहे. फक्त टायमिंग जमलं पाहिजे. एकाला सूट दिली तर बाकीचे बोलतात, तुम्हाला तर माहितीच आहे." मला माहिती होतंच. ब्रॅकेटमध्ये दोन बोल्ट घालायचे, प्रत्येकाला एक वॉशर, एक नट, हाताने आवळायचं, क्लिप बसवायची, ट्रेमध्ये ठेवायचं. चाळीस सेकंद. तो आकडा मीच काढला होता. टेबलावर चिकटवलेल्या कागदावर खाली सही माझीच आहे.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी चाचणी ठरली. दहा नग, सरासरी चाळीस सेकंद. जमलं तर मी पुन्हा कामावर, नाही तर घरी. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगठा गेलेल्या माणसाला दुसरं कोण उभं करणार? घरात बसून भिंतीकडे बघणं मला जमत होतं, चांगलंच जमत होतं, आणि बायको नेमकी त्यालाच घाबरली होती. "तुमी कामावर गेलाच पायजे," ती म्हणाली. ती चाकणजवळच्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी माणूस रिकामा बसला की त्याला आजारी समजतात.

भोसरीत पुलाजवळ एक फिजिओथेरपीवाल्या बाई आहेत. त्यांनी व्यायाम लिहून दिले. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, अर्ध्या मिनिटात किती होतात ते मोजा. चेंडू दहा सेकंद दाबून धरा, दहा सेकंद सोडा. सहा मिनिटं चाला. वाटीतले मणी एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाका, वेळ लिहून ठेवा. "काका, मोबाइलवर नका मोजू," त्या म्हणाल्या. "फोन वाजला की लक्ष जातं. एक साधं डिजिटल स्टॉपवॉच घ्या." मी म्हटलं, आहे. घरातल्या ड्रॉवरमध्ये तीन होती. बाई हसल्या, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या.

पण स्वतःचा व्यायाम स्वतः मोजता येत नाही. उजव्या अंगठ्याने बटण दाबलं की दाबलं गेलं की नाही ते कळत नाही, बीप वाजली तरच कळतं. डावा हात रिकामा हवा. मग बायकोला शिकवायचं ठरलं. आयुष्यभर नव्या पोरांना स्टॉपवॉच शिकवलं, इंजिनिअर झालेल्यांना शिकवलं. बायकोला कधी हात लावू दिला नव्हता.

"दोरी गळ्यात घाल आधी. पडलं की बिघडतं. हे उजवीकडचं बटण, चालू आणि बंद. हे डावीकडचं, घड्याळ चालू असताना दाबलं तर लॅप. एक फेरी झाली की दाबायचं. वरचा आकडा थांबल्यासारखा दिसतो, पण आत वेळ चालूच असतो. घाबरायचं नाही. घड्याळ बंद करून तेच डावं बटण दाबलं तर शून्य. मधल्याला हात लावायचा नाही."

"मधलं कशाला हाय मग?"

"ते साधं घड्याळ दाखवतं. तुझ्या कामाचं नाही."

पहिल्याच दिवशी तिने मधलं दाबलं. मी मणी टाकून संपवले, विचारलं किती झाले, तर म्हणाली, "धा मिन्टं बेचाळीस शेकंद." साडेदहा वाजून गेले होते, तीच वेळ तिने वाचली होती. दुसऱ्या दिवशी ती शेवटचे दोन आकडे वाचायला गेली. ते सेकंदाचे शंभरावे भाग, डोळ्यासमोर नुसते पळतात. त्यांच्याकडे बघायचं नाही, मी सांगितलं, उडणाऱ्या माश्या समज. आणि बटण दाबताना अंगठा आधीच बटणावर टेकवून ठेवायचा. माझी फेरी संपायच्या वेळेला अंगठा हवेत असला तर अर्धा सेकंद तिथेच जातो. तिने ते चटकन उचललं. तिची बोटं चांगली आहेत, भाकरी थापणाऱ्या बाईची.

सकाळी आम्ही दिघीला आमच्या सोसायटीबाहेरच्या रस्त्याने, लष्कराच्या भिंतीच्या कडेने चालायला जायचो. भिंतीवरच्या एका पांढऱ्या खुणेपासून पुढच्या विजेच्या खांबापर्यंत एक फेरी. ती खांबाला टेकून उभी राहायची, गळ्यात स्टॉपवॉच, मी पोचलो की लॅप दाबायची. शेजारचे एक गृहस्थ रोज कुत्रा घेऊन जाताना म्हणायचे, "वहिनी, ऑलिंपिकला नेताय का राव यांना?" ती हसायची. मी हसलो की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

पायाचं सोपं होतं. खरं काम दुपारी. कारखान्यातून एका ओळखीच्याने बाद झालेले ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर पिशवीभर आणून दिले. जेवणाच्या टेबलावर मी शॉपसारखी मांडणी केली, डावीकडे बोल्ट, मध्ये वॉशर, उजवीकडे नट. बायको माझ्या मागे स्टुलावर बसायची, बरोबर जिथे मी दुसऱ्यांच्या मागे उभा राहायचो तिथे. पहिल्या आठवड्यात एका नगाला दीड मिनिट लागलं. वॉशर उचलताच यायचा नाही. बोटात आहे असं वाटायचं आणि तो जमिनीवर टणटण करत फ्रीजखाली गेलेला असायचा. मी खाली वाकून, गुडघे टेकून तो शोधायचो. तो शोधण्यात मला कसलीच लाज वाटली नाही. चिडचिडही झाली नाही. पूर्वी मी नव्या टेबलावर वॉशर पाडणाऱ्या माणसाला म्हणायचो, "बाबा, हाताला तूप लावून आलास काय?"

मग आकडे उतरायला लागले. सत्तर, साठ, पंचावन्न. महिन्यानंतर सत्तेचाळीस. लॅपची आठवण घड्याळात राहते, दहा नग झाले की ती एकेक आकडा वाचून दाखवायची आणि मी डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहायचो. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात चाळीसच्या आसपास आलो. मुलीला फोनवर बायको म्हणाली, "बाबांचं जमतंय आता, जाणार ते." मी ते ऐकलं. कुठेतरी बरं वाटलं असेलही, पण ते माझ्यापर्यंत आलं नाही.

रविवारी दहा नगांची बेरीज केली. सहा मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे सरासरी चाळीस. झालं. वही मिटणार तेवढ्यात बावीस वर्षांची खोड आडवी आली. टाइम स्टडीत एक पद्धत असते. काम सुरू करताना आणि संपवताना भिंतीवरच्या घड्याळातली वेळ टिपायची. शेवटी स्टॉपवॉचची बेरीज आणि भिंतीवरचा फरक जुळतो का बघायचं. जुळला नाही तर मोजणाऱ्याने कुठेतरी गफलत केली. मी सुरुवातीची वेळ सवयीने टिपली होती, चार वाजून पाच मिनिटं. शेवटचा नग ट्रेमध्ये ठेवतानाची वेळही तिच्याखाली होती, चार वाजून सोळा.

अकरा मिनिटं. चार मिनिटं वीस सेकंद कुठे गेली?

"तू मध्येच घड्याळ बंद करतेस का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "वॉशर पडला की करती. सापडला की पुन्हा चालू."

बीप मी ऐकत होतोच, पण मला त्या लॅपच्या वाटायच्या. माझं सगळं लक्ष अंगठ्याकडे. मी तिच्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं.

"का पण?"

"का म्हंजे? तुमीच तर सांगायचा. पडल्यालं धरायचं न्हाई."

आणि मी सांगायचोच. कामावरून आल्यावर जेवताना मी दिवसभराचं बोलायचो. ती ऐकत नसेल असं मला वाटायचं. आज अमक्या टेबलावर मोजलं, बाईच्या हातून वॉशर पडला, ते रीडिंग गोल केलं. गोल करणं म्हणजे त्या आकड्याभोवती पेनने वर्तुळ काढायचं आणि तो हिशोबातून वगळायचा. वॉशर पडणं हा कामाचा भाग नाही, अपघात. तो धरला तर आकडा फुगतो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, पडलेलं धरायचं नाही. माझ्या बायकोने ते शब्दशः पाळलं होतं. दोन महिने.

मी म्हटलं, "ठीक आहे." स्टॉपवॉच तिच्या गळ्यातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढचे तीन दिवस आम्ही टेबलाशी बसलो नाही. तिने एकदा विचारलं, माझं काय चुकलं का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.

त्या तीन दिवसांत मला एकच गोष्ट आठवत राहिली. ब्रॅकेटच्या टेबलाचा आकडा काढला तो दिवस. तेव्हा तिथे एक लातूरकडची बाई बसायची, अजूनही बसते. तिचे हात पाण्यासारखे चालतात. मी तिची वीस रीडिंग घेतली. त्यातली पाच गोल केली. चार वेळा वॉशर पडला, एकदा तिने पदराने घाम पुसला. उरलेल्यांची सरासरी चाळीसवर बसवली. ती माझ्या पाटीकडे बघत म्हणाली होती, "साहेब, वॉशर तर रोजच पडतेत की." मी म्हटलं, ते अलाउन्समध्ये येतं. अलाउन्स म्हणजे थकवा, पाणी पिणं, घाम, पडणं, या सगळ्यासाठी वर चढवायचा थोडा वेळ. मी तो कागदावर लिहिला होता. वरून सांगितलं गेलं, टेबलावर बसून करायचं काम आहे, अलाउन्स कशाला? मी खोडला आणि सही केली. तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता काही वाटत नाही यात फरक काय, असा विचार त्या तीन दिवसांत एकदा येऊन गेला. उत्तर शोधायचा मी कंटाळा केला.

गुरुवारी मी गेलो. न जायचं तर कारण सांगावं लागलं असतं. दिघीहून शेअर रिक्षाने भोसरी, तिथून चालत. गेटवरच्या वॉचमनने खुर्ची दिली, मी बसलो नाही. शॉपमध्ये शिरलो तेव्हा सवयीने वाट बघितली, पण घड्याळ आलं असं कोणी म्हणालं नाही. घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं. माझ्या जागेवर आता जो इंजिनिअर आहे त्याला मीच तयार केलं. त्याने मला नमस्कार केला, टेबल पुसलेलं होतं, वॉशर भरलेले होते. शेजारच्या टेबलावर ती लातूरकडची बाई, मान खाली घालून काम करत होती.

"सर, सुरू करू?"

"कर."

पहिला नग चांगला गेला. दुसराही. तिसऱ्याला वॉशर निसटला. मी तो उचलेपर्यंत मागे बघितलं नाही, पण बीप वाजली नाही एवढं ऐकलं. घड्याळ चालूच होतं. हेही मीच शिकवलं होतं. आकडा ठरवताना पडलेलं धरायचं नाही, पण माणूस तपासताना सगळं धरायचं, कारण नग शेवटी त्या वेळात बाहेर पडला की नाही हाच प्रश्न असतो. इतकी वर्षं हे मी एका दमात सांगायचो आणि त्यात मला काही खटकलं नव्हतं.

एकूण पाच वॉशर पडले. चौथा घरंगळत त्या बाईच्या स्टुलाखाली गेला. मी उठायला लागलो तर तिने हातातला नग खाली ठेवला, वाकली, वॉशर उचलला, आणि माझ्या ट्रेमध्ये नाही, सरळ माझ्या डाव्या हातात ठेवला. मग आपला नग पुन्हा उचलला. तिचं काम तेवढं मागे पडलं. चाळीस सेकंदांत बसवायचा तिचा तो नग बसला नसणार. माझं पडलेलं तिच्या वेळेत गेलं.

दहा नग झाले. इंजिनिअरने बेरीज केली, दुसऱ्यांदा केली. "सर, बावन्न येतंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "पडलेले पाच आहेत. ते धरावे लागतात ना, सर."

"धर," मी म्हटलं.

त्याने मला वरिष्ठांकडे नेलं. त्यांनी चहा दिला आणि अजून थोडे दिवस आराम करा, आम्ही कळवू म्हणाले. त्याचा अर्थ मला कळतो, बावीस वर्षं तिथे काढलीत. निघताना मी ब्रॅकेटच्या टेबलापाशी थांबलो.

"त्या दिवशी तुमचे पडलेले धरायला पाहिजे होते," मी त्या बाईला म्हटलं.

"कधीचं म्हनता, साहेब?" तिने विचारलं. तिला काही आठवत नव्हतं. "तब्येत सांभाळा," ती म्हणाली, आणि बोलताना तिचे हात थांबले नाहीत.

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. तिने पाणी आणायच्या आधी विचारलं, "किती?"

"बावन्न."

 ती म्हणाली, "पडल्यालं धरून?"

"धरून."

"आन् न धरता?"

ते मी रिक्षात काढलं होतं. न काढून राहवणार नव्हतं. "एकोणचाळीस."

मला वाटलं ती म्हणेल, मग जमलंच की तुम्हाला. किंवा त्या लोकांना दोन शब्द ऐकवेल, तेही तिला चांगलं येतं. ती आत गेली, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा स्टॉपवॉच तिच्या गळ्यात होतं. दोरी तिने स्वतःच घातली होती, मी सांगायचो तशी.

"बरं," ती म्हणाली. "आता आपण पडल्यालं धरून करू."

मी बूट काढायला खाली वाकलो होतो. नाडीची गाठ माझ्या अंगठ्याला लागत नव्हती. ती सुटेना म्हणून मी तशीच ओढली, आणि मला रडू आलं. कप पडल्यापासून पहिल्यांदा आलं, आणि आवाजासकट आलं, शेजारी ऐकू जाईल असं. बायको खाली बसली आणि माझ्या बुटाची नाडी सोडवायला लागली. मी किती वेळ रडलो ते मला सांगता येणार नाही. घड्याळ तिच्या गळ्यात होतं, पण तिने ते चालू केलं नव्हतं.